घड्याळाशेजारच्या चिन्हाची टूलटिप आणि मेनू चालू स्थितीनुसार कसे बदलावेत?

बंदरकाठ

नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्यातील एका मासेमारी बंदराजवळच्या छोट्या शीतगृहासाठी मी दोन वर्षांपूर्वी एक प्रोग्राम लिहून दिला. तेथे गोठवलेल्या मासळीच्या दोन खोल्या आहेत. त्यांचे तापमान उणे १८ अंशांच्या वर चढू द्यायचे नसते. सेन्सरकडून सिरियल पोर्टमार्गे दर १० सेकंदांनी येणारी नोंद हा प्रोग्राम विंडोजच्या सिस्टिम ट्रेमध्ये, म्हणजे घड्याळाशेजारी, एका चिन्हाच्या रूपाने दाखवतो. चिन्हावर माउस नेला की टूलटिपमध्ये तापमान दिसते. उजवी क्लिक केली की मेनूतून इशाऱ्याची घंटा तासभर थांबवता येते, दिवसाच्या नोंदी पाहता येतात किंवा प्रोग्राम बंद करता येतो. भाषा सी शार्प, विंडोज फॉर्म्स, डॉट नेट फ्रेमवर्क ४.८.

या पावसाळ्यात तीन दोष समोर आले.

पहिला दोष मजकुराच्या लांबीचा आहे. 'शीतगृह खोली क्रमांक २ मधील तापमान उणे १८.४ अंश सेल्सिअस आहे, दरवाजा बंद आहे' असे पूर्ण वाक्य टूलटिपला दिले तेव्हा प्रोग्रामने एक्सेप्शन, म्हणजे काम अडवणारी चूक, टाकले. मजकूर ६४ अक्षरांपेक्षा कमी हवा, असे त्याचे म्हणणे होते. मी ६३व्या अक्षरावर वाक्य कापले, तर शेवटी 'दरवाजा'तले फक्त 'दर' उरले आणि व्यवस्थापकांनी दुसऱ्याच दिवशी फोन करून 'हा कसला दर दाखवतोय?' असे विचारले. मासळीच्या धंद्यात त्या शब्दाचा अर्थ एकच होतो.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. खाऱ्या हवेने केबलच्या जोडणीला गंज चढला आणि नोंदी येणे थांबले. टूलटिप मात्र पुढचे पाच तास शांतपणे उणे १८.४ दाखवत राहिली. प्रत्यक्षात खोली उणे ११ पर्यंत आली होती.

तिसरा दोष मेनूचा. वीज गेली की मी मेनूच्या वरच्या टोकाला 'वीजपुरवठा खंडित, जनरेटर चालू' अशी ओळ घालतो आणि वीज आली की ती काढून टाकतो. एका रात्री पाळीवरच्या माणसाने घंटा थांबवण्यासाठी मेनू उघडला. त्याचे बोट माउसवर असतानाच वीज आली, वरची ओळ निघाली, सगळ्या ओळी एका घराने वर सरकल्या आणि त्याची क्लिक 'बाहेर पडा'वर पडली. प्रोग्राम बंद झाल्याचे त्याला कळलेच नाही. सकाळपर्यंत एकही नोंद झाली नाही.

हे तिन्ही दोष माझ्या लिखाणातले आहेत आणि मला ते मुळापासून दुरुस्त करायचे आहेत. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी मार्गदर्शन करावे.


सुरूबन

पहिल्या प्रश्नापुरते सांगतो. ही मर्यादा दोन ठिकाणांहून येते आणि त्या दोन्ही वेगळ्या आहेत. विंडोजमध्ये ट्रेचे चिन्ह शेल नोटिफाय आयकॉन या फंक्शनने लावले जाते. त्याला दिल्या जाणाऱ्या रचनेत टूलटिपसाठी ठरावीक जागा असते. विंडोज २००० च्या आधी ती ६४ अक्षरांची होती, त्यानंतर १२८ झाली, आणि दोन्हींत शेवटचे एक स्थान मजकूर संपल्याची खूण असलेल्या शून्यासाठी राखीव असते. विंडोज फॉर्म्सने मात्र जुनी ६३ची मर्यादा वर्षानुवर्षे जपली. ती डॉट नेट ६ मध्ये १२७ झाली. तुम्ही फ्रेमवर्क ४.८ वर असल्यामुळे तुम्हाला ६३च मिळणार.

आता मराठीचा मुद्दा. येथे 'अक्षर' याचा अर्थ आपण शाळेत शिकलो तो नाही. संगणक युनिकोडची एकके मोजतो आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त यांतले प्रत्येक चिन्ह एक स्वतंत्र एकक असते. 'रत्नागिरी' हा शब्द आपल्याला र, त्ना, गि, री असा चार अक्षरांचा दिसतो, पण त्यात नऊ एकके आहेत. तुमचे वाक्य मी मोजून पाहिले, ते ७५ एककांचे आहे. म्हणजे इंग्रजी प्रोग्रामरला जे ६३ पुरतात, ते आपल्याला निम्म्यासारखे वाटतात.

म्हणून शेवट कापण्याचा मार्ग सोडून द्यावा. 'दर' उरले ही गोष्ट त्यातल्या त्यात बरी झाली. कापणी 'क्रमांक'मधल्या हलन्तावर पडली असती तर नुसते 'क्' लटकले असते. डॉट नेट फ्रेमवर्कमधला स्ट्रिंगइन्फो हा वर्ग मात्रा आपल्या व्यंजनासोबत ठेवतो, परंतु जोडाक्षर हलन्तापाशी तोडू देतो. जोडाक्षरे अखंड धरण्याचा नियम युनिकोडच्या प्रमाणित विभागणीतच २०२३ मध्ये, १५.१ या आवृत्तीत आला. त्यामुळे जुन्या साधनांकडून ती अपेक्षा ठेवता येत नाही.

मी असे करतो: टूलटिप म्हणजे वाक्य नव्हे, ती पाटी आहे, असे धरून तिचे घटक महत्त्वाच्या क्रमाने मांडतो आणि पुढचा घटक संपूर्ण मावत असेल तरच जोडतो, नाही तर तो पूर्णच वगळतो. 'खोली २: −१८.४° · १४:३५' हा मजकूर २२ एककांचा आहे. दोन्ही खोल्या वेगवेगळ्या ओळींत लिहिल्या, मध्ये ओळ बदलण्याचे चिन्ह टाकले, तरी बेरीज ४५ होते आणि दरवाजाच्या स्थितीसाठी १८ एकके शिल्लक राहतात.


बंदरकाठ

सुरूबन, मनापासून आभार. आपण पाटीत वेळ घातलेली आहे, हे मी लगेच टिपले. माझ्या मजकुरात वेळ कधीच नव्हती.


खाडीपलीकडे

मी मेनूच्या दोषावर लिहितो, कारण मी याच दगडावर ठेचकाळलो आहे.

मेनू उघडलेला असताना त्याची रचना बदलणे हे मुळातच चूक आहे. माणूस मेनू उघडतो, डोळ्यांनी ओळ शोधतो, हात तिकडे नेतो आणि मग क्लिक करतो. या सगळ्याला एक-दोन सेकंद लागतात. त्या काळात ओळींच्या जागा हलल्या तर त्याने जे ठरवले ते होत नाही, दुसरेच काहीतरी होते. म्हणून मी दोन नियम पाळतो. ओळींची संख्या आणि क्रम कायमचा ठरवून टाकावा आणि स्थितीनुसार फक्त मजकूर, टिकमार्क आणि ओळ चालू-बंद असणे एवढेच बदलावे. तुमची विजेची ओळ वीज असतानाही मेनूत राहू द्या. तेव्हा ती 'वीजपुरवठा सुरळीत' असे सांगेल आणि फिकट दिसेल. ज्या ठिकाणी ओळींची संख्या खरोखरच बदलते, उदाहरणार्थ सापडलेल्या सेन्सरांची यादी, तेथे ती यादी उपमेनूत टाकावी आणि मेनू उघडण्याच्या क्षणीच भरावी, मध्ये नाही.

विंडोज फॉर्म्समध्ये त्या क्षणासाठी काँटेक्स्ट मेनू स्ट्रिपची 'ओपनिंग' ही घटना आहे. क्यूटी या लायब्ररीत क्यूमेनूचा 'अबाउट टू शो' हा सिग्नल आहे. थेट विन३२ वर लिहिणाऱ्यांना डब्ल्यूएम इनिट मेनू पॉपअप हा संदेश मिळतो. तिघांचा अर्थ एकच: मेनू आता दिसणार आहे, ताजी स्थिती वाचून घ्या. त्यानंतर मेनू मिटेपर्यंत रचनेला हात लावू नये. या काळात महत्त्वाचा बदल झालाच तर तो एका चलात नोंदवून ठेवावा आणि 'क्लोज्ड' घटनेत लागू करावा.

दुसरी गोष्ट थ्रेडची, म्हणजे प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामाच्या प्रवाहांची. सिरियल पोर्टची 'डेटा रिसीव्ह्ड' घटना मुख्य थ्रेडवर येत नाही, ती वेगळ्या थ्रेडवर येते. तेथून मेनूला किंवा चिन्हाला थेट स्पर्श करू नये. नोटिफाय आयकॉन, म्हणजे ट्रेच्या चिन्हाचा वर्ग, हा कंट्रोल नसल्यामुळे त्याला स्वतःचे इन्व्होक, म्हणजे काम मुख्य थ्रेडवर सोपवण्याची सोय, नाही. म्हणून सुरुवातीलाच मुख्य थ्रेडचा सिंक्रोनायझेशन काँटेक्स्ट जपून ठेवावा आणि प्रत्येक बदल त्याच्याकडे पोस्ट करावा. अशा चुका चाचणीत सापडत नाहीत, महिन्याभराने रात्री अडीच वाजता सापडतात.

आणि मजकूर खरोखर बदलला असेल तरच लिहावा. विंडोज फॉर्म्स ही तपासणी स्वतः करते. मात्र थेट शेलला बदलाचा संदेश पाठवणाऱ्यांनी ती आपल्या बाजूला करावी. मी एकदा सेकंदकाटा टूलटिपमध्ये घातला होता, तेव्हा माउस चिन्हावर असताना ती सतत लुकलुकत असे आणि वाचता येत नसे. मिनिटापेक्षा बारीक वेळ तेथे असू नये, असे माझे मत त्यानंतर कायम झाले.


बंदरकाठ

आपल्या सल्ल्याप्रमाणे मी मेनू 'ओपनिंग'मध्ये भरण्याचा प्रयोग करून पाहिला. सुरुवातीला मेनू पूर्ण रिकामा ठेवला आणि सर्व ओळी त्या घटनेत घातल्या. पहिल्या उजव्या क्लिकला काहीच दिसत नाही, दुसऱ्या क्लिकला मात्र मेनू व्यवस्थित येतो. हे कशामुळे होत असावे?


खाडीपलीकडे

मेनूत एकही ओळ नसेल तर विंडोज फॉर्म्स 'ओपनिंग' घटनेत 'कॅन्सल' आधीच खरे करून ठेवते, कारण रिकामा मेनू दाखवण्यात अर्थ नाही असे ते धरते. तुम्ही ओळी भरल्या तरी ते रद्दच राहते. ओळी भरून झाल्यावर 'कॅन्सल' खोटे करा. त्याहून बरे म्हणजे स्थिर ओळी सुरुवातीलाच घालून ठेवा, म्हणजे हा प्रश्न उद्भवतच नाही.


उधाण

माझे काम सिंधुदुर्गातल्या एका जेटीवरच्या कार्यालयासाठी आहे. तेथे ट्रेमध्ये पुढच्या भरतीची वेळ दाखवतो. दुसऱ्या दोषाबद्दल, म्हणजे शिळ्या टूलटिपबद्दल, मला कळकळीने लिहावेसे वाटते.

बंदरकाठ यांच्या प्रोग्राममध्ये नोंद आली की टूलटिप बदलते. ते बरोबरच आहे. पण नोंद न येणे ही संगणकाच्या दृष्टीने घटनाच नाही. तिच्यासाठी कोणताही कोड चालत नाही. सेन्सर मुका झाला की टूलटिपला हात लावणारे कोणी उरत नाही आणि शेवटचा आकडा तसाच गोठून राहतो. पाहणाऱ्याला गोठलेला आकडा आणि स्थिर तापमान यांत फरक दिसत नाही. शीतगृहात तर आकडा स्थिर असणे हीच चांगली बातमी समजली जाते, म्हणून तेथे हा दोष सर्वांत धोकादायक आहे.

उपाय साधा आहे. नोंदीसोबत ती आल्याची वेळ जपावी. त्यानंतर एक स्वतंत्र टायमर ठेवावा, जो सेन्सरवर अवलंबून नसेल आणि दर अर्ध्या मिनिटाने एवढेच विचारेल की शेवटची नोंद किती जुनी आहे. तुमच्या १० सेकंदांच्या हिशेबाने ९० सेकंद म्हणजे नऊ नोंदी हुकल्या. तेव्हा टूलटिपमधून आकडा काढून टाकावा आणि 'नोंद थांबली · शेवटची १४:३५' असे लिहावे. जुना आकडा शेजारी ठेवण्याचा मोह टाळावा, कारण घाईत माणूस आकडाच वाचतो.

दुसरे असे की, सापेक्ष वेळ लिहू नये. मी आधी 'भरती २ तासांनी' असे दाखवत असे. लॅपटॉप झोपेतून उठला की ते 'दोन तास' आदल्या दुपारचे असत. आता 'भरती १६:१०' असे लिहितो. घड्याळी वेळ उशिरा वाचली तरी खोटी ठरत नाही. एका भरतीनंतर दुसरी सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणून माझा टायमर दर मिनिटाला चालत नाही. तो पुढच्या भरतीच्या वेळेला लावलेला असतो, आणि ती वेळ उलटली की पुढची वेळ तक्त्यातून घेतो. परंतु संगणक झोपलेला असताना टायमरवर विसंबता येत नाही. म्हणून सिस्टिम इव्हेंट्समधल्या 'पॉवर मोड चेंज्ड' आणि 'टाइम चेंज्ड' या दोन घटना ऐकाव्यात आणि त्या आल्या की सगळे पुन्हा मोजावे.

तक्ता चुकीच्या दिवसाचा वाचला जात नाही ना, हे पडताळायला मी आपला जुना आडाखा वापरतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मिनिटांचा मेळ त्यातून लागत नाही, पण टूलटिप नऊ म्हणत असेल आणि आडाखा तीन, तर कोड उघडून पाहायलाच हवा.


माडाची सावली

लिनक्सवर काम करणाऱ्यांसाठी काही गोष्टी नोंदवतो, कारण विंडोजवरचे गृहीतक तेथे चालत नाही.

लिनक्सवर 'सिस्टिम ट्रे' अशी एकच वस्तू नाही. जुनी पद्धत एक्सएम्बेडची, ज्यात प्रोग्राम स्वतःची छोटी खिडकी पॅनेलमध्ये बसवतो. नवी पद्धत केडीई या डेस्कटॉपकडून आलेली स्टेटस नोटिफायर आयटमची, ज्यात प्रोग्राम डी-बसवर, म्हणजे प्रोग्रामांमधल्या संदेशवाहिनीवर, आपली स्थिती जाहीर करतो आणि रंगवण्याचे काम पॅनेल करते. तेथे टूलटिप ही डी-बसवरील एक प्रॉपर्टी असते. ती बदलल्यावर 'न्यू टूलटिप' हा सिग्नल पाठवला नाही तर पॅनेलला बदल कळतच नाही आणि ते जुनाच मजकूर दाखवते. म्हणजे शिळेपणाचे आणखी एक कारण येथे तयार असते. क्यूटी वापरत असाल तर हा सिग्नल तीच पाठवते.

नोम या डेस्कटॉपने ३.२६ या आवृत्तीत, २०१७ मध्ये, जुना ट्रे काढून टाकला. उबुंटू ॲपइंडिकेटरचे एक्स्टेन्शन सोबत देते म्हणून तेथे चिन्ह दिसते, इतरत्र ते वापरणाऱ्याला बसवावे लागते. आणि ॲपइंडिकेटरच्या लायब्ररीत टूलटिपची सोयच नाही. माझ्या एका ग्राहकाने 'माउस नेला तरी काही दिसत नाही' अशी तक्रार केली, तेव्हा मी दोन दिवस माझ्याच कोडमध्ये दोष शोधत बसलो होतो. तेव्हापासून जी माहिती टूलटिपमध्ये आहे तीच मेनूच्या पहिल्या ओळीतही ठेवतो. ती ओळ क्लिक न होणारी असते. टूलटिप दिसो वा न दिसो, मेनू उघडला की स्थिती वाचता येते.

मेनूही तेथे डी-बसवरून जातो. पॅनेल प्रोग्रामकडून मेनूची प्रत घेते आणि ती प्रत दाखवते. 'उघडण्याच्या क्षणी भरा' हा खाडीपलीकडे यांचा सल्ला तत्त्वतः येथेही लागू आहे, त्यासाठी 'अबाउट टू शो' नावाची पृच्छाही आहे, पण प्रत्येक पॅनेल ती वेळेवर करीलच असे नाही. म्हणून लिनक्सवर स्थिती बदलली की लगेच मेनूचा मजकूरही बदलावा. इलेक्ट्रॉन या जावास्क्रिप्टच्या साधनात लिनक्सवर एखाद्या ओळीचा मजकूर बदलून भागत नाही. 'सेट काँटेक्स्ट मेनू' पुन्हा बोलवावे लागते, हे त्यांच्या दस्तऐवजातच लिहिले आहे. पायथॉनमध्ये पायस्ट्रे वापरणाऱ्यांनी ओळीचा मजकूर स्थिर न देता फंक्शन म्हणून द्यावा आणि स्थिती बदलली की 'अपडेट मेनू' बोलवावे.

इलेक्ट्रॉनवाल्यांसाठी आणखी एक सूचना. ट्रेची वस्तू फंक्शनच्या आतल्या चलात ठेवली तर गार्बेज कलेक्टर, म्हणजे न लागणारी स्मृती मोकळी करणारी यंत्रणा, ती उचलतो आणि चिन्ह काही वेळाने आपोआप नाहीसे होते. ती मॉड्यूलच्या पातळीवर ठेवावी.


हापूसबाग

मॅकओएसबद्दल थोडक्यात. तेथे एनएसस्टेटस आयटमच्या बटणावर टूलटिप लावता येते आणि मेनू उघडण्यापूर्वी डेलिगेटला 'मेनू नीड्स अपडेट' अशी हाक येते. अडचण एकच: मेनू उघडा असताना मुख्य रन लूप, म्हणजे घटना हाताळणारे चक्र, वेगळ्या मोडमध्ये जातो आणि साध्या पद्धतीने लावलेला टायमर थांबतो. उधाण यांनी सांगितलेली शिळेपणाची तपासणी त्या काळातही चालू राहायला हवी असेल तर टायमर 'कॉमन मोड्स'मध्ये लावावा.


कातळसडा

टूलटिपसाठी माउस न्यावा लागतो, म्हणून तापमानाचा आकडा चिन्हावरच रंगवावा असे बंदरकाठ यांना पुढे नक्की वाटेल. मला वाटले होते. म्हणून आधीच सावध करतो.

१०० टक्के स्केलिंगला ट्रेचे चिन्ह १६ गुणिले १६ पिक्सेलांचे असते. त्यात दोन अंक बसतात, उणे चिन्ह आणि दशांश बसत नाही. देवनागरी १ आणि ९ तेवढ्या जागेत एकसारखे दिसू लागतात. मी रंगवलेले १८ आणि ९८ मलाच ओळखता येईनात, म्हणून चिन्हापुरते इंग्रजी अंक वापरले आणि टूलटिपमध्ये देवनागरी ठेवले.

त्याहून मोठा धोका हँडलचा, म्हणजे विंडोजने प्रत्येक चिन्हाला दिलेल्या ओळखक्रमांकाचा, आहे. बिटमॅपवरून 'गेट एचआयकॉन'ने चिन्ह बनवले की ते तुम्ही स्वतः 'डिस्ट्रॉय आयकॉन' बोलावून मोडायचे असते. नुसता नवा आयकॉन नेमला की जुना आपोआप सुटत नाही. विंडोजमध्ये एका प्रोग्रामला अशा वस्तूंची मर्यादा सामान्यतः १०,००० असते. दर १० सेकंदांनी एक चिन्ह गळत राहिले तर जेमतेम २८ तासांत प्रोग्राम त्या भिंतीवर आदळतो. माझा प्रोग्राम सोमवारी सकाळी चालू केला की मंगळवारी दुपारी बंद पडत असे आणि मी त्याचे खापर विजेवर फोडत होतो. टास्क मॅनेजरमध्ये 'यूजर ऑब्जेक्ट्स' हा स्तंभ चालू करून आकडा चढतो का, हे तासभर पाहावे. सगळ्यांत चांगले म्हणजे सुरळीत, इशारा आणि नोंद थांबली अशी तीनच चिन्हे सुरुवातीला बनवून तीच अदलाबदल करावीत. तिघांचा आकार वेगळा असावा, नुसता रंग वेगळा असू नये, कारण लाल आणि हिरवा ज्यांना वेगळे दिसत नाहीत अशी माणसेही रात्रपाळीला असतात.


चिरेबंदी

सी प्लस प्लसमध्ये थेट शेलशी बोलणाऱ्यांसाठी माझी भर. चिन्हाची वागणूक आवृत्ती ४ ला नेली की विंडोज नेहमीची टूलटिप दाखवणे थांबवते, कारण तेव्हा प्रोग्राम स्वतःची खिडकी दाखवील असे धरले जाते. साधीच टूलटिप हवी असेल तर प्रत्येक बदलात 'शो टिप' हा ध्वजही लावावा लागतो. फक्त सुरुवातीला लावला आणि नंतर विसरला, तर पहिल्या बदलानंतर टूलटिप गायब होते.

एक्सप्लोरर कोसळून पुन्हा सुरू झाला तर सगळी चिन्हे जातात. तेव्हा 'टास्कबार क्रिएटेड' हा संदेश येतो, तो ऐकून चिन्ह पुन्हा लावावे आणि त्यासोबत चालू टूलटिपही द्यावी. विंडोज फॉर्म्स हे स्वतः करते. प्रोग्राम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालत असेल तर तो संदेश वाटेत अडवला जाऊ शकतो, त्यासाठी संदेशाला वाट मोकळी करून द्यावी लागते. आणि मेनू दाखवण्यापूर्वी आपली लपलेली खिडकी 'सेट फोरग्राउंड विंडो'ने पुढे आणली नाही, तर बाहेर क्लिक केली तरी मेनू मिटत नाही.


जेटीवरून

मी प्रोग्रामर नाही, बर्फ कारखान्यावर पाळी सांभाळतो. हा धागा पूर्ण वाचला. आमच्या संगणकावर असली चिन्हे त्या वरच्या बाणामागे लपलेली असतात, ती कोणी उघडून पाहत नाही. हात ओले असतात, मोजे घातलेले असतात. रात्री दोन वाजता ट्रॉलर लागला की बर्फ देण्याची घाई असते, तेव्हा माउस नेऊन वाचायला कोण थांबणार? माझी विनंती एवढीच आहे की, मासळी खराब होण्याइतकी गोष्ट असेल तर ती घंटेने आणि फोनवर सांगावी. चिन्हाने सांगितले म्हणून काम झाले असे धरू नये.


उधाण

जेटीवरून, आपले म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. टूलटिप विचारणाऱ्याला उत्तर देते, झोपलेल्याला उठवत नाही. नोंद थांबली की घंटा वाजलीच पाहिजे, आणि ती घंटा तापमान वाढल्याच्या घंटेपेक्षा वेगळी असावी, म्हणजे माणूस आधी खोलीकडे धावायचे की केबलकडे, हे आवाजावरूनच ठरवील. 'घंटा तासभर थांबवा' ही ओळही तपासावी. तापमानाची घंटा थांबवताना नोंद थांबल्याची घंटाही मुकी होत असेल, तर पुन्हा तेच पाच तास येतील.


बंदरकाठ

सर्वांचे आभार मानून काय केले ते लिहितो.

खोल्यांची स्थिती आता एकाच ठिकाणी राहते: तापमान, दरवाजा, वीज आणि शेवटच्या नोंदीची वेळ. टूलटिप, मेनूतली पहिली ओळ, चिन्ह आणि घंटा हे चौघेही तिथूनच वाचतात, त्यामुळे टूलटिप एक आणि मेनू दुसरेच सांगतो असे होत नाही. सिरियल पोर्टची घटना फक्त ही स्थिती मुख्य थ्रेडवर बदलते. मेनूत आता सहा ओळी आहेत आणि त्यांचा क्रम कधीच बदलत नाही. 'बाहेर पडा' सर्वांत खाली, रेघेच्या पलीकडे गेली आणि ती निवडली की 'नोंदी थांबतील, नक्की बंद करायचे का?' असा प्रश्न येतो. त्यात आधीपासून 'नाही' निवडलेले असते. घंटा थांबवण्याच्या ओळीत ती केव्हा पुन्हा सुरू होईल ती घड्याळी वेळ येते: 'घंटा ०३:२० पर्यंत थांबवली'. उधाण यांनी शंका घेतली होती ती खरी निघाली, दोन्ही घंटा एकाच चलावर चालत होत्या. त्या वेगळ्या केल्या.

चिन्हे तीनच ठेवली. यूजर ऑब्जेक्ट्सचा आकडा दोन दिवस पाहिला, तो जागचा हलला नाही. चिन्ह बाणामागे न लपता कायम बाहेर दिसावे, ही मांडणी मी स्वतः तेथे जाऊन करून आलो.

काल दुपारी व्यवस्थापकांसमोर चाचणी घेतली. केबल त्यांनीच ओढून काढली आणि घड्याळ लावून उभे राहिले. टायमर अर्ध्या मिनिटाने फिरत असल्यामुळे १०० सेकंद गेले, मग चिन्ह बदलले, दुसऱ्या सुरातली घंटा वाजली आणि टूलटिपमध्ये 'खोली २: नोंद थांबली · शेवटची १५:०५' असे आले. केबल परत लावल्यावर पुढच्याच नोंदीला आकडा दिसू लागला. व्यवस्थापकांनी 'नोंद थांबली' याऐवजी 'सेन्सर बंद' लिहावे असे सुचवले होते, पण दोष सेन्सरचा की केबलचा हे प्रोग्रामला ठाऊक नसते, म्हणून मी मजकूर तसाच ठेवला आणि ते त्यांनाही पटले.

गंजलेली जोडणी बदलून तिच्यावर रबरी टोपण बसवले आहे. डॉट नेट ६ किंवा त्यापुढच्या आवृत्तीवर नेण्याचे काम दिवाळीनंतर हाती घेईन, तोपर्यंत ६३ एककांत सगळे मावते आहे.